उद्यमबागेतली पहिली नोकरी: मशिनवर यायचंय त्या पोरींसाठी

मेकॅनिकलला नाव घातलं तेव्हा खानापुरात पहिला प्रश्न आला, "आता गाडीखाली शिरणार काय गं?" गाडीखाली काही शिरले नाही. बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत, एका सीएनसी शॉपमध्ये (संगणकानं चालणाऱ्या मशिनवर लोखंड कापतात तिथं) ट्रेनी म्हणून लागले.

पहिल्याच दिवशी मला क्यूसीत, म्हणजे माल तपासायच्या खोलीत, बसवलं. "पोरगी हाय, एसीत बसू दे, रिपोर्ट लिहील." चांगुलपणानंच म्हणाले, पण त्यात वर्ष गेलं. बरोबर लागलेला मुलगा तोवर सेटिंग, म्हणजे मशिन कामाला लावणं, शिकून पगारात पुढं गेला. म्हणून सांगते, पहिल्या महिन्यातच मशिन मागा, आणि तेही लिहून. रिपोर्ट कधीही शिकता येतो.

दुसरी अडचण भाषेची. ऑपरेटर कन्नड, मी मराठी, सुपरवायझर ओरडणार हिंदीत. एकदा बोअर गेज, म्हणजे पीसमधल्या भोकाचं माप घेणारं यंत्र, लावून ऑपरेटर म्हणाला, "ऐवत्त कम्मी ऐत री." म्हणजे पन्नास मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) कमी. मला ऐकू आलं "ऐद", पाच. मशिनला पाचाचाच ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, टाकला आणि पुढचे चार पीस तसेच उतरले. नशीब, बोअर (भोक) लहान होता, पुन्हा काढता आला. मोठा झाला असता तर थेट भंगारात. त्यानंतर आमचं ठरलं: आकडा तोंडानं नाही, बोटांनी. गेजवरचं एक घर म्हणजे दहा मायक्रॉन, एक बोट. पाच बोटं, पन्नास. कन्नड अंक मात्र शंभरापर्यंत पाठ करूनच या. मी बसमध्ये केले.

मुलाखतीत लाजू नका, बायकांचं टॉयलेट कुठाय ते जाऊन बघा. वेगळं हवं असं 1948 च्या कारखाना कायद्यातच लिहिलं होतं. माझ्या शॉपमध्ये त्यात कॉटन वेस्टची (मशिन पुसायच्या चिंध्यांची) पोती होती. मी दिवसभर पाणी कमी प्यायचे, मूर्खपणा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर 2013 च्या कायद्यानं छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती लागते. उद्यमबागेतल्या बारक्या शॉपमध्ये तेवढी माणसंच नसतात, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जायचं. समितीचा फलक नसेल तर विचारा.

बसचं सोपं आहे. जून 2023 पासून कर्नाटकाच्या शक्ती योजनेत आम्हा बायकांना साधी सरकारी बस फुकट. पण आधारसारखं ओळखपत्र कर्नाटकाच्या पत्त्याचं पाहिजे. सीबीटीवरनं (बेळगावच्या मुख्य बसस्टँडवरनं) माझ्या शेजारी बसणारी महाराष्ट्रातल्या चंदगडची पोरगी तेच मशिन चालवते, तोच पगार घेते आणि रोज तिकीट काढते. शिनोळीच्या हद्दीपलीकडनं, महाराष्ट्रातनं येणार असाल तर पगार बोलताना तो खर्च आधीच धरा.