बोरिवली एका दिवसात कशी पाहावी

बोरिवली म्हणजे राष्ट्रीय उद्यान आणि लोकलची गर्दी, एवढीच ओळख असणाऱ्यांनी एक अख्खा दिवस या उपनगराला द्यावा आणि तो सोमवार नसेल याची खात्री करावी, कारण सोमवारी उद्यान आणि त्यातील कान्हेरीची बौद्ध लेणी दोन्ही बंद असतात.

सुरुवात पूर्वेकडून, सकाळी लवकर करावी. स्थानकापासून उद्यानाचे प्रवेशद्वार जवळ आहे. मात्र तेथून कान्हेरी सुमारे सहा किलोमीटर आत असल्याने चालण्याचा हट्ट न धरता उद्यानातील बसने जावे. लेण्यांचे तिकीट वेगळे काढावे लागते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले हे खोदकाम पुढे हजारएक वर्षे चालले आणि शंभराहून अधिक लेणी तयार झाली. सगळी पाहण्याच्या नादात एकही धड पाहून होत नाही, म्हणून क्रमांक ३ च्या चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहात, निवांत थांबावे. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत. आतल्या काही खांबांच्या माथ्यावर कोरीव शिल्पे, तर उरलेले नुसतेच अष्टकोनी आहेत. बाहेर पडल्यावर पायाखालीही पाहावे: पावसाचे पाणी खडकात खोदलेल्या पन्हळींतून पोढींत, म्हणजे टाक्यांत, साठवण्याची व्यवस्था मला तरी मूर्तींइतकीच थोर वाटते. वेळ उरल्यास क्रमांक ९० मध्ये इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतील, कोरीव लेख पाहावेत. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा चपला घालून जाऊ नये.

जेवण उरकून रिक्षाने पश्चिमेला मंडपेश्वरला जावे. या शैव लेण्यातील नटराजाचे शिल्प भग्न असले तरी प्रेक्षणीय आहे. पोर्तुगीज अमलात येथे चर्च झाले. भिंतीवर कोरलेला क्रूस आणि माथ्यावरच्या मठाचे अवशेष त्याची साक्ष देतात.

शेवटी एकसर गावातील वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळा, पाहावेत. येथे पाट्यांची अपेक्षा ठेवू नये. 'वीरगळ कुठे आहेत?' असे स्थानिकांनाच विचारावे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, शिखराजवळ शिवपूजा. येथील काही शिळांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे, आणि अभ्यासक तिचा संबंध शिलाहार राजा सोमेश्वर व यादव राजा महादेव यांच्यातील, इ.स. १२६५ च्या सुमाराच्या युद्धाशी जोडतात. शिल्पे झिजलेली असल्याने भर दुपारी नीट दिसत नाहीत. उतरत्या उन्हात, तिरप्या प्रकाशात नौकांच्या वल्ह्यांची रांग स्पष्ट उठून दिसते, म्हणून हा टप्पा चार-साडेचारच्या पुढेच ठेवावा.