पऱ्हाटीतलं सेल्युलोज मोजायचंय? आधी वावरात जा

आमच्या आर्वी तालुक्यात शेवटचा कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटतात. थोड्या चुलीत जातात, बाकीच्या धुऱ्यावर पेटवतात. बोंडअळीचा मुक्काम मोडायला वावर लवकर मोकळं करावंच लागतं, पण काडी जाळलीच पाहिजे असं नाही. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने याच काडीपासून पार्टिकल बोर्ड करून दाखवलं आहे. मी तिच्यातलं सेल्युलोज, म्हणजे झाडाच्या तंतूंचा मुख्य पदार्थ, वेगळं काढते. आपल्या भागातल्या ज्या पोरांना या विषयावर प्रोजेक्ट करायचाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

पहिल्या वर्षी मी चुकले ती प्रयोगशाळेत नाही, वावरात. धुऱ्यावरच्या ढिगातून हाताला लागल्या त्या काड्या आणल्या. ढीग अवकाळीत भिजला होता, आत काळी बुरशी धरली होती. बुरशी सेल्युलोज खाते. तीन महिन्यांचे आकडे टाकून द्यावे लागले.

म्हणून उभी पऱ्हाटी घ्या. चार कोपरे आणि मधला भाग मिळून दहा-पंधरा झाडं, एकाच तासातली (ओळीतली) नको. मुळं छाटा, पानं आणि बोंडांची टरफलं काढा. वाण, पेरणीची तारीख, उपटल्याची तारीख, जमीन काळी की बरड, हे त्याच दिवशी वहीत उतरवा.

मग एक काडी नखाने सोलून बघा. सालीची चिवट पट्टी अंबाडीसारखी लांब निघते. खाली पिवळसर लाकूड, आणि अगदी मध्ये बोटाने दबणारा हलका गाभा. सालीचे तंतू लांब, लाकडाचे आखूड, गाभ्यात तंतू जवळपास नाहीतच. साल ठेवली की काढली, हे न सांगता दिलेला आकडा कोणाच्याच कामाचा नाही. मी सालीसकट, बुडापासून शेंड्यापर्यंत अख्खं झाड घेते, कारण शेतकऱ्याकडून माल तसाच येणार आहे.

सावलीत वाळवा, तुकडे करा, दळा, ४० मेशच्या (इंचाला ४० छिद्रं असलेल्या) चाळणीतून काढा.

आता ओलावा. वाळलेली दिसते त्या काडीतही पाणी असतं. थोडा भुगा १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. समजा १० ग्रॅममध्ये कोरडा भुगा ९.१ ग्रॅमच निघाला आणि तेवढ्याच भुग्यातून सेल्युलोज मिळालं ४.१ ग्रॅम. दहाने भागलं तर ४१ टक्के, कोरड्या वजनाने भागलं तर ४५. दुसरा आकडा लिहायचा.

पुढची रीत ठरलेली आहे. गरम पाणी आणि अल्कोहोलने राळ-रंग काढा. आम्लयुक्त सोडियम क्लोराइटने सुमारे ७० अंशांवर लिग्निन (तंतूंना चिकटवून ठेवणारा पदार्थ) काढा, पण हे फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटातच, कारण विषारी वायू सुटतो. उरतं ते होलोसेल्युलोज, म्हणजे सेल्युलोज आणि त्याच्यासोबतचं हेमिसेल्युलोज मिळून. ते १७.५ टक्के कॉस्टिक सोड्यात ठेवलं की हेमिसेल्युलोज विरघळतं आणि न विरघळणारं सेल्युलोज राहतं, तेच अल्फा-सेल्युलोज. सोडा पाण्यात थोडा थोडा टाका, सोड्यावर पाणी कधीच ओतू नका. ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोडा ते खातो आणि हायड्रोजन सुटतो. शेवटी लिटमस बदलेनासा होईपर्यंत धूत राहा, यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

आणि पाव किलो मूळ काडी कागदी पिशवीत वावराचं नाव घालून कोरड्या जागी ठेवा. परीक्षकांनी आकड्यावर बोट ठेवलं तर तोच नमुना पुन्हा लागेल, आणि तोवर त्या वावरात सोयाबीन उभं असेल.