लहान दुरुस्तीसाठी कारागीर मिळवताना

घराच्या मोठ्या नूतनीकरणासाठी ठेकेदार सहज मिळतो. परंतु गळणारा एक नळ, बाथरूममधील निखळलेल्या चार फरश्या किंवा बाल्कनीतील फुगलेले प्लास्टर यांसाठी माणूस मिळवताना आठवडे निघून जातात. ‘उद्या येतो’ हे उत्तर चौथ्यांदा ऐकल्यावर कारागिराला बेभरवशाचा ठरवण्याआधी त्याचा हिशेब पाहावा. गवंडी आणि बिगारी या जोडीची हजेरी दिवसाची असते आणि आपले काम दोन तासांचे असते. नाशिकमध्ये सिडकोतून गंगापूर रोडला येऊन दोन तास काम केल्यावर उरलेला दिवस रिकामा जाणार असेल, तर अर्ध्या हजेरीत त्याचे भागत नाही आणि पूर्ण हजेरी देण्यास आपण तयार नसतो. म्हणून आधी काम त्याच्या दिवसात बसेल असे मांडावे आणि मगच माणूस शोधावा.

त्यासाठी स्वयंपाकघरात एक कागद लावून महिनाभर लक्षात येणाऱ्या बारीकसारीक दुरुस्त्या गवंडी, प्लंबर, वायरमन आणि सुतार अशा वेगवेगळ्या रकान्यांत लिहीत जावे. एका रकान्यात चार-पाच कामे जमली की दिवस भरतो. तेवढी जमत नसतील, तर इमारतीतील शेजाऱ्यांना विचारावे. तीन घरांचे नळ एकाच फेरीत होणार असतील, तर प्लंबर सहसा ठरलेल्या दिवशी येतो.

दुसरी तयारी निदानाची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त पैसा येथेच वाया जातो. इंदिरानगरमधील आमच्या सदनिकेत शयनगृहाच्या भिंतीला ओल आली, तेव्हा प्लंबरने पाइप बदलण्यास सांगितले, गवंड्याने फरशी उखडण्यास आणि रंगाऱ्याने ओल रोखणारा रंग लावण्यास. तिघेही प्रामाणिक होते. प्रत्येकाने आपल्या कामापुरते पाहिले होते. शेवटी आम्ही भिंतीपलीकडचे बाथरूम चार दिवस वापरले नाही, तेव्हा डाग सुकू लागला आणि दोष सांडपाण्याच्या बाजूला आहे हे कळले. हा पडताळा कोणालाही घेता येतो. बाथरूम बंद ठेवूनही ओल तशीच राहत असेल, तर सतत दाबाखाली असणाऱ्या पुरवठ्याच्या पाइपवर संशय घ्यावा. वापरानंतर वाढत असेल, तर सांडपाण्याचा जोड किंवा फरशीच्या फटी तपासाव्यात. आणि केवळ पावसाळ्यातच येत असेल, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची पाहावी. सांडपाण्याचा जोड की फरशी, हे ठरवण्यासाठी नहाणी ट्रॅपचे (जमिनीवरचे पाणी वाहून जाते त्या जाळीखालच्या भांड्याचे) तोंड घट्ट बंद करून जमिनीवर इंचभर पाणी रात्रभर साठवावे. तरीही ओल वाढली, तर दोष फरशीत आहे.

खर्च कोणी करायचा हेही या निदानावरून ठरते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती, गच्ची आणि सामाईक पाइप यांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते, तर सदनिकेच्या आतील शौचालय किंवा सिंक यांच्या गळतीचा खर्च सभासदाकडे असतो. नाशिकमध्ये पुष्कळ इमारती सहकारी संस्था नसून अपार्टमेंट म्हणून नोंदलेल्या आहेत; तेथे इमारतीचे नोंदणीकृत घोषणापत्र (डीड ऑफ डिक्लेरेशन) काढून पाहावे.

वेळ निवडताना कारागिराचे वर्ष लक्षात घ्यावे. गच्चीचे काम मे महिन्यात सगळ्यांनाच आठवते आणि जूनमध्ये पाऊस येतो, म्हणून कोब्याचे किंवा वॉटरप्रूफिंगचे काम फेब्रुवारी-मार्चमध्येच सांगून ठेवावे. दिवाळीपूर्वीच्या महिन्यात रंगारी मोकळा सापडत नाही. फरशी आणि सुतारकाम करणारे उत्तर प्रदेश, बिहार व राजस्थानमधील अनेक कारागीर होळी, दिवाळी आणि छठपूजेला गावी जातात. पेठ-सुरगाण्याकडील बिगारी पावसाळ्यात भाताच्या आवणीसाठी परततात, तर दिंडोरी-निफाड पट्ट्यातील द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणीही मजूर ओढून घेते. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामे जोरात असताना लहान कामासाठी जास्तच थांबावे लागेल, असे धरून चालावे. अमावस्येला बरेच गवंडी काम ठेवत नाहीत. त्या दिवशी माणूस आला नाही, तर त्याला खाडा म्हणू नये.

माणूस शोधण्यासाठी आपल्या वस्तीतील हार्डवेअरचे लहान दुकान हे उत्तम ठिकाण आहे, मात्र तेथे ‘चांगला प्लंबर कोण’ असे न विचारता ‘तुम्ही उधारीवर माल कोणाला देता’ असे विचारावे, कारण दुकानदार आपला पैसा अडकू शकेल अशा माणसाचे नाव जपूनच घेतो. (दुकानदार आणि कारागीर यांच्यात कमिशन असू शकते, हे गृहीत धरून मालाचा दर दुसऱ्या दुकानातही पाहावा.) शेजाऱ्यांकडून नाव घेताना दोन पावसाळे टिकलेले काम पाहून घ्यावे, नुकत्याच झालेल्या चकचकीत कामावरून काही कळत नाही. सकाळी चौकात भरणाऱ्या मजूर अड्ड्यावर मलबा उचलण्यासाठी किंवा तोडफोडीसाठी माणूस मिळतो, पण पाइप आणि वायरिंगची कामे तेथून आणलेल्या अनोळखी माणसाकडे सोपवू नयेत. वायरमनला परवाना आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि प्लंबरचा एक वर्षाचा असतो, त्यामुळे सातपूरच्या शासकीय आयटीआयमधून शिकलेला मुलगा ओळखीत असेल, तर त्यालाही संधी द्यावी.

पहिल्या फोननंतर लगेच छायाचित्रांसह संदेश पाठवावा. उदाहरणार्थ: ‘दादा, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बाथरूमचे दोन नळ बदलायचे, सिंकखालचा पाइप गळतो, गिझरची इनलेट लाइन सीपीव्हीसीची आहे. दिवसभराचे काम आहे, पूर्ण हजेरी देऊ. गुरुवारी नऊला येणार का?’ अशा संदेशामुळे कारागीर योग्य सामान घेऊन येतो आणि एक फेरी वाचते. आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी.

दर ठरवताना ज्याचे मोजमाप घेता येते ते काम, म्हणजे रंग, फरशी, प्लास्टर, अंगावर, म्हणजे रोजाऐवजी चौरस फुटाच्या ठरलेल्या दराने द्यावे. आणि फोडल्याशिवाय आत काय निघेल हे सांगता येत नाही असे काम हजेरीवर करून घ्यावे. छुप्या गळतीचे काम अंगावर दिले, की कारागीर एक तर अवाच्या सवा दर लावतो, नाही तर फोडणे टाळतो. रंगकामात दारे-खिडक्यांचे क्षेत्र वजा होणार की नाही, हे आधीच लिहून घ्यावे, कारण भांडणे बहुधा तेथूनच सुरू होतात.

माल शक्यतो आपण स्वतः आणावा. ते जमत नसेल, तर उचल फक्त मालापुरती द्यावी आणि बिल आपल्या नावाचे घ्यावे. मजुरी रोजच्या रोज किंवा टप्प्याटप्प्याने यूपीआयने द्यावी, म्हणजे नोंद राहते. शेवटचा टप्पा मात्र तपासणीनंतरच चुकता करावा. पाइप भिंतीत बुजवण्याआधी चाचणीच्या हातपंपाने पाइपमध्ये पाण्याचा दाब देऊन जोड पाहावेत, गच्चीच्या कामानंतर 48 ते 72 तास पाणी साठवून ठेवावे, विजेच्या कामानंतर आरसीसीबीचे (विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) चाचणी बटण दाबून तो पडतो का हे पाहावे. नव्या प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारायचे असते आणि कारागीर त्यासाठी रोज येणार नाही. ते कोणी मारायचे हे आधी ठरले नसेल, तर महिन्याभरात येणाऱ्या भेगांचा दोष कोणाच्याच माथी मारता येत नाही.

पैसे घेऊन काम अर्धवट सोडले गेल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, पुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. 5 लाखांपर्यंत मोबदला दिला असल्यास तेथे शुल्क लागत नाही. तेथे तो संदेश, मालाचे बिल आणि यूपीआयची नोंद हाच पुरावा असतो.

फरशी किंवा प्लास्टरने झाकले जाण्यापूर्वी पाइप आणि वायर यांच्या मार्गाला मोजपट्टी लावून छायाचित्र घ्यावे आणि कारागिराच्या नावाशेजारी फोनमध्ये ‘बाथरूम पाइप, मार्च’ अशी नोंद करावी. पुढे कधी आरसा टांगण्यासाठी ड्रिल मशीन घेऊन कोणी आला, की त्याला आधी ते छायाचित्र दाखवावे.