ओकावांगोच्या हिवाळ्यात सफारी: प्राणी केव्हा, कुठे आणि कसे पाहावेत

जुलै महिन्यात ताडोबाचे गाभा क्षेत्र पावसासाठी बंद असते, तेव्हा दक्षिण गोलार्धातील बोट्स्वाना देशात हिवाळा असतो आणि तेथील ओकावांगो नदीच्या पाणथळ त्रिभुज प्रदेशात वन्यप्राणी पाहण्याचा सर्वोत्तम काळ चालू असतो. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत तिथे जाण्याचे ठरवत असाल, तर प्राण्यांची यादी पाठ करण्यापूर्वी तिथल्या पाण्याची रीत समजून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

या प्रदेशात पूर येतो तो पाऊस नसताना. अंगोलाच्या डोंगराळ भागात डिसेंबर ते मार्चदरम्यान पडलेला पाऊस कुबांगो आणि कुइटो या नद्यांतून खाली येतो. पण त्रिभुज प्रदेशाचा उतार इतका नगण्य आहे की ते पाणी लव्हाळ्यांतून आणि पपायरसच्या दाटीतून महिनोन्‌महिने सरकत राहते आणि दक्षिण टोकाच्या माउन गावापाशी साधारण जून-जुलैमध्ये पोहोचते. हे पाणी समुद्राला मिळतच नाही. त्यातले बहुतेक हवेत आणि वनस्पतींत जिरते. आजूबाजूचा मुलूख कोरडा पडलेला असताना इथे मात्र पाणी चढत असल्यामुळे हत्ती, रानम्हशी, झेब्रे आणि त्यांच्यामागून सिंह पाण्याच्या कडेला गोळा होतात. म्हणून गाडी कुठे न्यावी, या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणजे जिथे कोरडी जमीन संपून पाणी सुरू होते ती कड. मोरेमी अभयारण्यात, विशेषतः ख्वाई नदीच्या काठाने, ही कड रस्त्यावरूनच न्याहाळता येते.

मुक्काम निवडताना एक फरक लक्षात ठेवावा. मोरेमीत अंधार पडल्यावर फिरता येत नाही आणि रस्ता सोडून गाडी नेता येत नाही; खासगी किंवा गावसमूहांच्या ताब्यातील लगतच्या क्षेत्रांत रात्रीची फेरी मिळू शकते. दोन्हीकडे थोडे दिवस राहणे उत्तम.

सकाळची फेरी उजाडतानाच निघते आणि त्या वेळी पारा पाच अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असतो. गाड्या उघड्या असल्यामुळे धावत्या गाडीतला वारा हाडांपर्यंत पोहोचतो. कानटोपी, हातमोजे आणि एकावर एक चढवता येतील असे कपडे घ्यावेत, कारण दुपारी पंचवीस अंशांच्या उन्हात ते एकेक करून उतरवावे लागतात. छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान मऊ पिशवीत भरावे. वजनाची मर्यादा बहुधा वीस किलोंची असते आणि त्यात कॅमेराही धरला जातो.

थंडी त्रासदायक असली तरी ती आपल्या फायद्याची आहे. गारठलेले सिंह सकाळी उशिरापर्यंत हालचाल करत राहतात किंवा वारुळावर अंग शेकत बसतात, पाणघोडे पाण्याबाहेर काठावर पसरतात आणि मगरी वाळूवर निश्चल पडतात. निघताच वाटेवरचे ठसे पाहावेत. सिंहाच्या पंजाचा ठसा आदल्या संध्याकाळच्या टायरच्या खुणेवर उमटला असेल तर तो रात्रीचा. त्याच ठशावरून किड्यांच्या बारीक रेघा गेल्या असतील तर त्याला बराच वेळ झाला. इंजिन बंद करवून कान द्यावा. इम्पाला हरणांचे फुरफुरणे आणि बबून वानरांचे भुंकणे हे तिथले धोक्याचे इशारे आहेत. सगळी हरणे एकाच दिशेला टक लावून उभी असतील तर आपणही त्याच दिशेला पाहावे.

या ऋतूचे खास दर्शन म्हणजे आफ्रिकी रानकुत्रे. आपल्या कोळसुंद्यांचे हे दूरचे भाऊबंद एरवी सतत फिरते असतात, पण हिवाळ्यात पिल्लांमुळे त्यांचा कळप काही आठवडे एकाच बिळाशी बांधलेला राहतो. शिकारीहून परतलेले मोठे कुत्रे पिल्लांना ओकून भरवतात. बीळ सापडले तरी जवळ जाण्याचा हट्ट मुळीच धरू नये. गाडीच्या त्रासाने मादी पिल्ले दुसरीकडे हलवू शकते, आणि ही जात आधीच संकटात आहे.

लाल लेच्वे हे हरीण मात्र मनसोक्त पाहावे. त्याचे मागचे अंग पुढच्यापेक्षा उंच असते आणि लांब, फाकणारे खूर चिखलात रुतत नाहीत. कळप बिचकला की गुडघाभर पाण्यातून उड्या घेत निघतो. कोवळ्या उन्हात उडणाऱ्या त्या पाण्याचे छायाचित्र हवे असेल तर सूर्य कळपाच्या मागे राहील अशी गाडी लावायला सांगावे.

पक्षी पाहणाऱ्यांनी अपेक्षा थोडी बदलावी. उत्तरेकडून येणारे स्थलांतरित पक्षी या काळात बहुतेक नसतात, परंतु मत्स्यगरुड, खोगीरचोच करकोचा, कमळपानांवरून चालणारे कमळपक्षी हे स्थायिक पक्षी भरपूर दिसतात.

एक सकाळ मोकोरोसाठी राखून ठेवावी. ही उथळ, अरुंद होडी उभा नावाडी लांब काठीने रेटतो आणि बसणारा जवळजवळ पाण्याच्या पातळीवर असतो. मोठे प्राणी इथे कमीच दिसतात, पण लव्हाळ्यांच्या देठांतली शांतता गाडीतून कधीच अनुभवता येत नाही. पाणघोडे खोल पाण्यात असतात, म्हणून नावाडी कडेकडेने नेतो. त्याने थांबायला सांगितले तर तत्काळ थांबावे आणि होडीत उभे राहू नये. गाडीच्या दुपारच्या फेरीत ऊन चढल्यावर तहानलेले हत्ती काठावर येतात, तेव्हा वाऱ्याची दिशा पाहून थोड्या अंतरावर थांबावे आणि ते पाणी पिऊन आपणहून निघेपर्यंत इंजिन सुरू करवू नये.