डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेताना ईमेल बंद पडू देऊ नका

मुदत संपायला आठ दिवस उरले की डोमेन, म्हणजे साइटचं नाव, दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडे) हलवायची धावपळ सुरू होते. तसं करू नका, हाताशी महिना-दीड महिना ठेवा. इथे डॉट कॉम धरून सांगतोय.

आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा. आपल्याकडे कितीतरी दुकानांची डोमेनं साइट बनवून देणाऱ्याच्याच खात्यात पडून असतात. पण म्हणून घाईने नाव किंवा ईमेल बदलायला जाऊ नका. त्या बदलामुळे ट्रान्सफर 60 दिवस अडकू शकतं. काही रजिस्ट्रार यातून सूट देतात, पण ती बदलाआधीच मागावी लागते. नव्याने घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं डोमेनही 60 दिवस हलत नाही.

खरं जपायचं ते डीएनएस, म्हणजे डोमेनची साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणाऱ्या नोंदी. ओळखीच्या एका आंबेवाल्यांनी ऐन एप्रिलमध्ये डोमेन हलवलं. साइट व्यवस्थित उघडत होती, पण दोन दिवस ऑर्डरचा एकही ईमेल आला नाही. नव्या डीएनएसमध्ये एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोहोचवायचा ते सांगणाऱ्या नोंदी) टाकायचे राहून गेले होते. म्हणून जुन्या खात्यातलं डीएनएसचं पान उघडा आणि ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी अशा सगळ्या प्रकारच्या रेकॉर्डची एकेक ओळ उतरवून घ्या. टीएक्सटीच्या लांबलचक ओळी निरुपयोगी वाटतात, पण मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणारे एसपीएफ आणि डीकेआयएम बहुतेकदा त्यांतच असतात. त्या सुटल्या तर तुमचे मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊ शकतात.

नेमसर्व्हर (हे रेकॉर्ड ज्यांवर ठेवलेले असतात ते सर्व्हर) जुन्या रजिस्ट्रारचे असतील, तर हे सगळे रेकॉर्ड आधी नव्या डीएनएसमध्ये भरा. डीएनएससेक, म्हणजे रेकॉर्ड खरे आहेत हे तपासणारी सुरक्षा, चालू असेल तर बंद करून एक दिवस जाऊ द्या. मग नेमसर्व्हर बदला, दोन दिवस थांबा आणि स्वतःलाच एक मेल पाठवून बघा.

पुढचं सोपं आहे. जुन्या खात्यात डोमेन लॉक (ट्रान्सफर रोखणारं कुलूप) काढा आणि ऑथ कोड, म्हणजे ट्रान्सफरसाठी लागणारा गुप्त कोड, घ्या. काही ठिकाणी त्याला ईपीपी कोड म्हणतात. तो पासवर्डसारखाच जपा, कोणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका. नव्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर निवडून कोड टाका, पैसे भरा. या पैशांत मुदत एक वर्षाने वाढते, मात्र एकूण मुदत 10 वर्षांपलीकडे जात नाही. जुन्या रजिस्ट्रारचा मेल आला तर त्यात मंजुरीची लिंक आहे का बघा. ती दाबली की काम लवकर होतं, नाहीतर पाच दिवस लागू शकतात.

होस्टिंग, म्हणजे साइटच्या फायली ठेवायची जागा, वेगळं असतं, डोमेनबरोबर ते हलत नाही. जुनं होस्टिंग वापरात असेल तर ते खातं बंद करू नका. डोमेन नव्या खात्यात दिसलं की लॉक पुन्हा लावा.