ट्रॉलरवर हाताची बोटं गेली तर केस बेळगावातच घाला

खानापूर, बेळगावकडची जी पोरं गोव्यात मालीम, कुटबणला नाहीतर कारवारला मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. विंचमध्ये, म्हणजे जाळ्याचा दोर ओढायच्या यंत्रात, दोराबरोबर बोटं गेली की मालक दवाखान्याचं बिल भरतो, वर वीस-पंचवीस हजार हातावर ठेवतो आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही मागतो. करू नका. केली असली तरी घाबरू नका, भरपाईचा हक्क असा लिहून सोडता येत नाही, तसला कागद कायद्यात रद्दच.

पहिलं काम दवाखान्यात. कसं लागलं विचारल्यावर बोटीवर विंचमध्ये सापडलं, बोटीचं नाव अमुक, असंच सांगायचं आणि केसपेपरवर तेच लिहिलंय का बघायचं. बरोबरचा माणूस 'घसरून पडला' सांगून मोकळा होतो आणि पुढं मालकाचा वकील तेवढंच धरून बसतो. मग तुम्ही त्या बोटीवर कामाला होता याचा पुरावा. अपॉइंटमेंट लेटर कुणाकडं असतंय ओ! फोनपेवर आलेला पगार, तांडेलाचे (बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाचे) व्हॉट्सॲप मेसेज, बोटीच्या नंबरासकट फोटो, दोन खलाशांचे मोबाईल नंबर, हे सगळं लगेच घरी कुणाला तरी पाठवून ठेवा.

केससाठी गोव्याला खेपा मारायची गरज नाही, जखमी माणूस राहतो तिथं, म्हणजे आपल्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो. 1923 च्या भरपाई कायद्यात हे होतं, तो आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, तिथंही आहे. मुदत अपघातापासून 2 वर्षं. मालकाची चूक दाखवावी लागत नाही, काम करताना लागलं एवढं पुरतं.

पैसे किती? वय 30, पगार 15 हजार धरू (2020 च्या जानेवारीत हिशेबाला तेवढीच मर्यादा ठरली), एका हाताची दोन बोटं गेली म्हणजे कमावायची ताकद 20 टक्के गेली असं कायदा धरतो. पगाराचे 60 टक्के 9 हजार, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला त्या वयाचा आकडा 207.98, त्याचे 20 टक्के, झाले 3 लाख 74 हजारांच्या वर. दवाखान्याचा खर्च वेगळा. महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याजही लागतं. मालकाशी बोलायच्या आधी हा हिशेब कागदावर करून घ्या, मग ते वीस हजार केवढे दिसतात बघा.

वकिलाला पैसे नसले तर कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे, नाहीतर 15100 ला फोन लावा, फुकट वकील मिळू शकतो. 'मिळालेल्यातले तीस टक्के माझे' म्हणणाऱ्यापासून लांब राहा, निकालावर फी ठरवणं वकिलांच्या नियमात बसतच नाही. आणि कागद कानडीत असला, वाचता येत नसला तर मराठीत सांगायला लावा, मगच अंगठा.