ब्लोअरला रात्रपाळी असते

केमिकल इंजिनिअरिंग झालं आणि मी नागपुरातच सौरऊर्जेवर सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामात शिरले. पहिलं काम एका वसाहतीच्या एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं. महिन्याच्या वीजबिलातले युनिट तीसने भागले, रोजचे २०० आले. एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे ५० किलोवॅट पुरे. झाला अहवाल! तिथल्या ऑपरेटर काकांनी कागद पाहिला नि म्हणाले, "काहून मॅडम, रात्री जिवाणू झोपते काय?"

एरेशन टाकीत जिवाणू सांडपाण्यातली घाण खातात; त्यांना ऑक्सिजन चोवीस तास लागतो आणि अशा प्लांटची निम्मीअधिक वीज बहुधा टाकीत हवा फुंकणारा ब्लोअरच खातो. तिथे नेट मीटरिंग (दिवसाची जास्तीची वीज ग्रिडला देऊन बिलात वळती करून घेण्याची सोय) नव्हतं, बॅटरी परवडेना. शेवटी ब्लोअर रात्री महावितरणच्या विजेवर ठेवला. फिल्टर आणि शुद्ध पाणी वर चढवणारे पंप मात्र भर दुपारी चालवून टाकी भरून घेऊ लागलो. वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवणं स्वस्त पडतं, हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

या कामात येणार असाल तर आपला मे महिनाही हिशेबात धरा. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्के घटते. पॅनेल ६५ अंशांवर तापलं की १६ टक्के गेलेच. धूळ वेगळी.

डिझाइनचं सॉफ्टवेअर सावकाश शिका. आधी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये एरेशन टाकीतलं पाणी घेऊन अर्धा तास गाळ बसताना बघा. महिनाभर रोज केलंत तर प्लांट बिघडायच्या आधी कळू लागतं. (वासाची सवय आठवड्यात होते. घरच्यांना नाही.) शुद्ध केलेल्या सांडपाण्याला गिऱ्हाईक आहे का, ही शंका असेल तर नागपूरच्याच भांडेवाडीतल्या सांडपाणी प्लांटकडे बघा, तिथलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं.

खारं पाणी गोडं करण्याचं कामही समुद्राशिवाय मिळतं. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा जवळच आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार; हजार लिटर गोडं करायला आरओला तीन-चार युनिट लागतात. बोअरचं पाणी त्यामानाने कमी खारं, दाब कमी लागतो, सौर पंपाला झेपतं. संध्याकाळी बंद करताना मेम्ब्रेन (आरओतला क्षार अडवणारा पडदा) गोड्या पाण्याने धुवायचा, नाहीतर क्षार चिकटतात. आणि गावात पॅनेल मोजायच्या आधी विचारा, रिजेक्टचं, म्हणजे गोडं पाणी काढल्यावर उरलेलं खारट पाणी कुणाच्या शेताकडे जाणार आहे.